शिट्टीचा ठिपका

माझ्या थोरल्या नणंदबाई एकतीस वर्षं टेलिफोनच्या चौकशी विभागात होत्या. लोक फोन करून कुणाचा तरी नंबर विचारायचे आणि वन्सं तो सांगायच्या. दिवसातून सहाशे-सातशे वेळा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी अजूनही कुणी त्यांना घराचा नंबर सांगितला की त्या एकेक आकडा सुटा करून परत म्हणतात आणि समोरचा ‘हो’ म्हणाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ. ते म्हणतात, “ताईला नुसतं ‘कशी आहेस’ विचारलं तरी ती आधी प्रश्न तपासून घेते.”

वन्सं आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची सोय त्यांनी कुणाला ठेवली नाही. दुपारी माझं आवरलं की मी भाजी निवडायला घेऊन वर जाते.

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, स्पष्ट बोलण्याचा. “जुन्या लायनीवर बारीक आवाज पोचायचाच नाही गं,” त्या सांगत. “‘साठ’ म्हटलं की पलीकडे ‘आठ’. ‘स’ वाटेतच गळायचा. माणसं चुकीच्या घरी फोन लावून शिव्या खायची. म्हणून आम्ही शब्दाचं टोक कधी गिळलं नाही.” एकतीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. तसं लिहिलेलं पत्र त्यांच्या कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे.

निवृत्तीनंतर त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची होती. आमच्याकडे बँकेच्या वरच्या मजल्यावर अंधांसाठी एक ग्रंथालय आहे. तिथे माणसं पुस्तकं मोठ्याने वाचतात, मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि त्या फाईली सभासदांना जातात. वन्संचे कार्यालयातले एक जुने सहकारी तिथे सभासद होते. ते जन्मापासून अंध, बावीस वर्षं वन्संच्या शेजारच्या खुर्चीवर टेलिफोनचा बोर्ड सांभाळत. आम्ही त्यांना बोर्डवाले भाऊ म्हणतो. तेच म्हणाले होते, “ताई, तुम्ही वाचा. तुमचा आवाज ऐकला की मला आपला हॉल दिसतो.” ज्यांना कधी काही दिसलं नाही, त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर वन्संनी दुसऱ्याच दिवशी चाचणीचा अर्ज भरला.

पण चाचणी घेणारे होते धीरगंभीर.

हे आमच्या घरातलं नाव. बाहेर त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. आकाशवाणीवर बातम्या वाचत वय गेलं. आवाज असा की नुसतं ‘पाणी’ म्हणाले तरी कुणीतरी गेल्यासारखं वाटावं. ग्रंथालयात कोण वाचणार आणि कोण नाही, हे त्यांच्या एकट्याच्या कानावर ठरे. त्यांनी वन्संची चाचणी ऐकली आणि अर्जावर लिहिलं, ‘उच्चार अस्पष्ट. सराव करावा.’

वन्संनी सराव केला. कपड्यांचं कपाट उघडं टाकून, त्याच्यासमोर गादी उभी करून, मधल्या फटीत बसून रोज तासभर. आठ महिन्यांनी दुसरी चाचणी. ‘उच्चार अस्पष्ट.’ आणखी वर्षाने तिसरी. या वेळी सर समोरच होते, सहा माणसांच्या देखत म्हणाले, “बाई, तुम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटता. टेलिफोनवर चालून जात असेल. हे साहित्य आहे.”

वन्सं घरी आल्या, पाय धुतले, आणि मला म्हणाल्या, “पुटपुटता.” बस्स, एवढंच. तिन्ही अर्ज मात्र त्यांनी मागून आणले होते. ते त्या पत्राच्या शेजारी गेले.

ग्रंथपालबाई भल्या होत्या. त्यांनी वन्संना सफाईचं काम दिलं. लोक घरी रेकॉर्ड करणार म्हणजे पंख्याची घरघर, खोलीचं घुमणं, श्वासांचे सुस्कारे आलेच. ते काढायला मोबाईलमधल्या रेकॉर्डिंगच्या ॲपला जोडायचं एक प्लगइन होतं. पॅरामेट्रिक इक्वलायझर. वन्संनी वहीत आकृत्या काढून, चुकत-माकत ते स्वतः शिकून घेतलं. घरात आम्ही त्याला ‘ठिपके’ म्हणतो.

मी शेजारी मटार सोलत बसायची, त्यामुळे मलाही ते कळायला लागलं. पडद्यावर एक आडवी रेघ असते. डावीकडे आवाजाचं जाड अंग, घुमणं. उजवीकडे बारीक अंग, शिट्ट्या, सिसकारे. रेघेवर रंगीत ठिपके. ठिपका बोटाने खाली ओढला की आवाजातला तेवढाच भाग बसतो, वर नेला की उठतो. दोन बोटं चिमटीसारखी जवळ आणली की ठिपक्याचा डोंगर सुईइतका अरुंद होतो. मोबाईल केवढासा, बोट केवढं. बोटाखाली ठिपकाच झाकला जातो, आणि हात जरा ओला असला की पडदा रुसतो. वन्सं आधी टॉवेलला बोट पुसून, श्वास रोखून काम करायच्या.

दोष शोधायची रीत मोठी मजेशीर. ठिपका सुईसारखा करायचा, पार वर न्यायचा आणि रेघेवरून हळूहळू सरकवायचा. जिथे कानाला टोचतं तिथे दोष. मग तोच ठिपका तिथल्या तिथे खाली ओढायचा. वन्सं म्हणत, “आधी दुखवायचं, मग बरं करायचं.”

आणि सगळ्यात जास्त बरं कुणाला करावं लागायचं, तर धीरगंभीरांना. पुढचे दात नवे बसवल्यापासून त्यांच्या प्रत्येक ‘स’ला शिट्टी लागे. वन्संनी ती शोधली होती, रेघेखालच्या आकड्यांत सात हजारच्या जरा अलीकडे, दर वेळी नेमकी तिथेच. त्यांच्या खोलीचं घुमणं अडीचशेला. हे दोन्ही ठिपके खाली ओढून वन्संनी ती मांडणी ‘सर’ या नावाने साठवून ठेवली होती. तीन वर्षं गावभर जो धीरगंभीर आवाज गाजत होता, तो वन्संच्या उजव्या तर्जनीतून निघालेला होता.

हे सरांना ठाऊक नव्हतं. गेल्या वार्षिक सभेत ते व्यासपीठावरून म्हणाले होते, “माझ्या रेकॉर्डिंगला कधी कुणी हात लावत नाही. आवाज मुळात असावा लागतो. नसला की मग या बायकांची रंगरंगोटी.” लोक हसले. वन्सं पाचव्या रांगेत होत्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पर्सची चेन उघडली आणि लावली. एवढंच मी पाहिलं.

या वर्षी एक मोठी कादंबरी रेकॉर्ड व्हायची होती, चाळीस भाग. सभासद दोन वर्षं मागणी करत होते, बोर्डवाले भाऊ तर सर्वांत जास्त. ती कोण वाचणार हे वार्षिक सभेत नमुना ऐकवून ठरायचं होतं. म्हणजे सरच वाचणार, हे ठरलेलं होतं. वन्संनी चौथा अर्ज केला. सरांनी चाचणी न ऐकताच परत पाठवला.

मी दर गुरुवारी ग्रंथालयात मेमरी कार्डांवर चिठ्ठ्या चिकटवायला जाते. सभेआधीच्या एका गुरुवारी सर स्वतः आले, नमुन्याच्या सफाईवर देखरेख करायला. कुणीतरी आपल्या फाईलला हात लावतं हे शेवटी त्यांच्या कानावर गेलं होतं. वन्संच्या शेजारी खुर्ची ओढून ते बसले. वन्संनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. शिट्टीवर ठिपका वर नेला आणि तेवढ्यात आतून ग्रंथपालबाईंनी हाक मारली. वन्सं ठिपका तसाच वर ठेवून उठल्या. घाईत झालेली साधी चूक.

सरांनी मोबाईल उचलला आणि स्पीकरवर फाईल लावली.

पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज. माझ्या हातातली चिठ्ठी माझ्याच अंगठ्याला चिकटली. आतून ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अहो, कुकर आहे का कुणाचा?” वन्सं धावत आल्या. सर मात्र डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “हं. हा माझा खरा आवाज. हे असंच ठेवा, काही करू नका.”

घरी येताना वन्सं दोन चौक माझ्या चार पावलं पुढे चालत होत्या. तिसऱ्या चौकात मीच म्हटलं, “वन्सं, त्यांना ऐकूच आलं नाही.”

“खालचं येतं. वरचं जात नाही आत. त्यांच्या कानांची जुनी लाईन झालीय.” त्या थांबल्या. “म्हणून मी पुटपुटते. माझा ‘स’, माझा ‘फ’, माझा ‘त’, सगळं वाटेत गळतंय. मी अस्पष्ट नाहीये गं. इतकी वर्षं मी एका बंद पडलेल्या लायनीवर बोलत होते.”

“बिचारे,” मी म्हणून गेले.

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“बिचारे कधी असतात, मला ऐकू येत नाही म्हणतात तेव्हा. हा माणूस म्हणाला, तुला बोलता येत नाही. मला म्हणाला. त्या शिक्षिकेला म्हणाला, त्या नर्सबाईंना म्हणाला. अकरा बायकांना परत पाठवलंय. मी मोजल्यात.”

“मग सांगूया ना ग्रंथपालबाईंना.”

“सांगितलं की ते हळूच बाजूला होतील. हार घालतील त्यांना. मला तसं नकोय.”

पुढचे नऊ दिवस वन्संच्या खोलीत जे चाललं होतं, त्यात मी सामील होते हे कबूल करते, आणि मला ते आवडतही होतं. त्यांनी ‘सर’ ही मांडणी उघडली, शिट्टीचा ठिपका तळापासून शेंड्यापर्यंत नेला आणि ‘सर दोन’ म्हणून साठवली. बरं करायला शिकलेलं सगळं दुखवायला जसंच्या तसं कामाला येतं, हे मला तेव्हा कळलं. जागाही तीच आणि बोटही तेच. सरांच्या नमुन्यात तीन उतारे होते. त्यातला कुठला ऐकवायचा हे सफाई करणारीने निवडायचं होतं. आम्ही दोघी कागद घेऊन ‘स’ मोजायला बसलो. नदीकाठच्या वर्णनात बावीस निघाले. बाजाराच्या उताऱ्यात एकतीस. लग्नाच्या उताऱ्यात सासू, सासरे, सून आणि साखरपुडा असे सगळेच असल्याने चव्वेचाळीस.

“लग्नच लावू,” वन्सं म्हणाल्या.

यजमान दारातून म्हणाले, “ताई, एवढा उत्साह तुला स्वतःच्या लग्नाचा नव्हता.”

“त्या वेळी समोर एवढं चांगलं स्थळ नव्हतं.”

सभेला साठेक माणसं होती. पुढच्या दोन रांगांत अंध सभासद, मधल्या खुर्चीवर सर, कडेला बोर्डवाले भाऊ. एक गोष्ट माझ्या तिथे पोचल्यावर लक्षात आली. जी शिट्टी सरांना ऐकू जाणार नव्हती, ती या माणसांना आमच्या दुप्पट लागणार होती. मी तसं वन्संच्या कानाशी म्हटलं. त्या म्हणाल्या, “माहितीय.” पण त्यांनी बोट पुसलं, ते दोनदा पुसलं.

उतारा सुरू झाला. पहिल्याच ‘स’ला पुढची रांग एकदम मागे रेलली. तिसऱ्या वाक्याला कुणीतरी “अरे बापरे” म्हणालं. बोर्डवाल्या भाऊंनी दोन्ही कानांत बोटं घातली. ग्रंथपालबाई तारा तपासायला वाकल्या. आणि या सगळ्याच्या मधोमध सर मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून स्वतःला ऐकत होते.

संपल्यावर ते वळून म्हणाले, “कसं वाटलं?”

ग्रंथपालबाई अडखळल्या. “सर, जरा कर्कश...”

“कर्कश? इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग या संस्थेत आजवर झालेलं नाही.”

मग बोर्डवाले भाऊ म्हणाले, “सर, ती शिट्टी तुम्हाला ऐकू आली नाही?”

“कसली शिट्टी?”

वन्सं उठल्या. चौकशी विभागातला तोच आवाज, एकेक शब्द सुटा. “सर, मी पुन्हा लावते. शिट्टी मी मध्येच बंद करीन. बंद झाली की तुम्ही हात वर करा. सोपं आहे.”

सरांना नाही म्हणता आलं असतं. पण साठ माणसांसमोर ते कधी नाही म्हणालेच नव्हते. वन्संनी फाईल लावली. सासू आल्या, शिट्टी वाजली. सासरे आले, शिट्टी वाजली. मग वन्संच्या बोटाने ठिपका खाली ओढला आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. सरांचा हात मांडीवरच होता. वन्संनी ठिपका वर नेला, लोक पुन्हा कळवळले. खाली आणला. वर नेला. सरांनी डोळे उघडले. ते लोकांच्या तोंडांकडे पाहायला लागले, तिथून काही कळतंय का म्हणून. हात मांडीवरून चार बोटं उचलला, परत ठेवला. आणि मग साखरपुड्याच्या वाक्याला, शिट्टी ऐन भरात असताना, त्यांनी तो पूर्ण वर केला.

कुणीही हसलं नाही. ‘आता तरी थांबवा’ असं मला वाटत होतं आणि ‘अजून एकदा’ असंही वाटत होतं. वन्संनी फाईल बंद केली. “धन्यवाद, सर,” म्हणाल्या. पूर्वी नंबर देऊन झाल्यावर म्हणायच्या, अगदी तसंच.

बोर्डवाल्या भाऊंनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की यापुढे कोण वाचणार ते ऐकणाऱ्यांनी ठरवावं. त्याच सभेत जुन्या चाचण्यांतले सात आवाज ऐकवले गेले. कादंबरी वन्संना मिळाली. बाहेर पडताना भाऊ त्यांना म्हणाले, “ताई, वाचालच तुम्ही, त्याचा आनंद आहे. पण चव्वेचाळीस वेळा माझ्या कानात सुई घातलीत. एवढ्या वर्षांच्या शेजाऱ्याला आधी सांगायचंत.”

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत.”

“थांबवलं असतं,” भाऊ म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले. पंधरा दिवस त्यांनी फोन केला नाही. वन्सं मोबाईल स्वयंपाकघरातही सोबत न्यायला लागल्या. सोळाव्या दिवशी फोन आला, पहिला भाग आवडल्याचा.

सरांबद्दल मी एकदाच विचारलं. “वाईट वाटतं का हो?”

“वाटतं का ते बघतेय. अजून नाही वाटलं.”

सर महिन्याने आले, न कळवता, दोन जिने चढून. मी वरच होते. घाम पुसून ते बसले आणि मी दिलेलं पाणी तसंच धरून राहिले. मग म्हणाले, “कादंबरीचा पहिला भाग ऐकला. अर्धा समजला. तीनदा ऐकला. अर्धाच.” आवाज तोच होता, धीरगंभीर. शिट्टीसकट. “डॉक्टरांनी यंत्र सांगितलंय, सवय व्हायला वेळ लागेल म्हणतात. तुमच्या त्या... ठिपक्यांनी काही होतं का?”

वन्संनी मोबाईल पुढे ओढला. टॉवेलला बोट पुसलं. हेडफोन सरांच्या कानांवर चढवला, स्वतःचीच फाईल लावली आणि ठिपका रेघेवरून सरकवायला सुरुवात केली. इथे? सरांनी मान हलवली, नाही. इथे? थोडं. इथे? त्यांच्या भुवया वर गेल्या. ज्या ज्या ठिकाणी त्यांचा कान अजून जागा होता, ती ठिकाणं वन्संनी एकेक करून उचलली. पाऊण तास लागला. मी दोनदा चहा केला.

सर ऐकत राहिले. शेवटी वन्सं म्हणाल्या, “स्पष्ट येतंय?”

“हो.”

“शब्द?”

“सगळे. सगळे येतायत.”

वन्सं उठल्या. कपाटातल्या इस्त्रीच्या कपड्यांखालून तीन अर्ज काढले, टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि त्यावर पेन ठेवलं. सरांनी अर्जांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बहुधा मदतीसाठी. मी कपबशा उचलल्या.

पेनचा आवाज तीनदा आला. आत ओट्यापाशी उभी राहून मी मोजला. परत आले तेव्हा ‘उच्चार अस्पष्ट’वर तिन्ही ठिकाणी रेघ होती आणि खाली सही, बातम्या वाचणाऱ्या माणसाची ठसठशीत सही. वन्सं एकेक अर्ज हाताभर अंतरावर धरून वाचत होत्या.

“तारीख घाला,” त्या म्हणाल्या.

सरांनी तारीखही घातली. दर आठवड्याला त्यांना एक वेगळी फाईल जाते आता, त्यांच्या कानाच्या मापाची. वन्सं ती स्वतः करतात, आणि चुकवत नाहीत. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला वाचणारीचं नाव येतं, सुटं, सावकाश. ते इतरांच्या फाईलींत एकदाच असतं. सरांच्या फाईलीत दोनदा आहे.

परवा वन्संच्या मोबाईलमध्ये जागा कमी पडत होती म्हणून आम्ही जुनं काही काही पुसत होतो. यादीत ‘सर दोन’ आलं.

“हे पुसू?” मी विचारलं.

वन्सं चष्मा वर करून पाहत राहिल्या.

“ते अशी किती जागा घेतंय?” त्या म्हणाल्या. “राहू दे.”